अण्णाभाऊंसाठी एक तास मिळाला आहे, काय सांगावं?

ओवी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात दर वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती एकत्र साजरी होते. टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला आणि अण्णाभाऊ जन्मले त्याच तारखेला, त्यामुळे टेबलावर शेजारी शेजारी दोन तसबिरी आणि दोन हार. वेळेची वाटणी मात्र तशी होत नाही. टिळकांवर दोन-तीन भाषणं होतात आणि अण्णाभाऊंच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं येतात. हे मला फार दिवसांपासून खटकतंय. यंदा आमच्या वाचक गटातल्या बायकांनी समितीकडे सरळ मागणीच केली की संध्याकाळचा एक तास फक्त अण्णाभाऊंना द्या. समितीनं दिला. आता तो तास भरायची जबाबदारी माझ्यावर आली आहे.

अडचण अशी की दर वर्षी होणारं भाषण मला तोंडपाठ आहे. वाटेगावचा जन्म, दीड दिवसाची शाळा, मुंबईला पायी प्रवास, 'फकिरा', रशियाचा दौरा, साहित्यरत्न, टाळ्या. यातलं खोटं काहीच नाही, पण ऐकणाऱ्याला माणूस दिसत नाही. शाहीर, कवी, कादंबरीकार, कामगार चळवळीतला कार्यकर्ता, एवढं जग हिंडलेला माणूस, आणि आपण त्याला चार ओळींत उरकतो.

हाताशी काय आहे तेही सांगते. ढोलकी वाजवणारे एक काका, अकरावीतल्या दोन मुली (दोघींचा आवाज चांगला आहे), वाचून दाखवायला आम्ही चौघीजणी आणि एक माइक. समोर शाळेची मुलं असतील, शेतात मजुरीला जाणाऱ्या बायका असतील, पेन्शनर मंडळी असतील.

त्यांचं आयुष्य कुठून सांगायला घेऊ? रशियाला किती वेळ द्यावा? आणि वाचायचं तर 'फकिरा'तलं वाचावं की एखादी कथा?


झीलकरी

ओवीताई, तास मिळवलात हे फार चांगलं केलंत.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, बरीचशी नोकरी वाळवा-शिराळा भागात झाली. तरुणपणी एका कलापथकात झील धरायचो, म्हणजे शाहिराच्या मागे उभं राहून सूर धरायचो. त्यामुळे अण्णाभाऊ मला आधी गळ्यातून भेटले आणि पुस्तकातून नंतर. म्हणून त्याच बाजूनं सांगतो.

जन्मापासून सुरुवात करूच नका. १९४३ पासून करा. दुसरं महायुद्ध चालू आहे. व्होल्गा नदीच्या काठी स्टालिनग्राड शहरात जर्मन फौजेला रशियन लोकांनी अडवून धरलंय, गल्लीगल्लीत, घराघरात लढाई झालीय, आणि फेब्रुवारीत जर्मन सैन्यानं शस्त्रं खाली ठेवलीत. इकडे मुंबईत माटुंगा लेबर कॅम्पात एक बावीस-तेवीस वर्षांचा तरुण राहतोय. शाळेत टिकला नाही. गिरणीत राबलाय, हमाली केलीय, पडेल ते काम केलंय. दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची पत्रकं वाचत वाचत अक्षरओळख पक्की केलीय. त्यानं ती बर्फातली नदी पाहिलेली नाही, ते शहर पाहिलेलं नाही. आणि तो 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचतो. ज्या डफावर लोकांना अफझलखानाचा वध आणि सिंहगड ऐकायची सवय, त्या डफावर व्होल्गाकाठच्या कामगारांची झुंज उभी राहते, आणि परळ-लालबागचा गिरणी कामगार ती आपली समजून ऐकतो.

तुमच्या श्रोत्यांना हे आधी दिसू द्या. इथं घाई करू नका, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आपण अण्णाभाऊंच्या प्रवासाबद्दल बोलतो तेव्हा एकदम १९६१ च्या रशियावर उडी मारतो. पण माणूस रशियाला जायच्या कितीतरी आधी त्याचे पोवाडे जगभर हिंडून आले होते. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर 'बंगालची हाक' आहे. बर्लिन पडल्यावरचा पोवाडा आहे. फाळणीतल्या पंजाब-दिल्लीच्या दंग्यावर आहे. अमळनेरला गिरणी कामगारांवर गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांवर आहे. हे सगळं त्याला कळत होतं 'लोकयुद्ध'सारख्या कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकांतून, कामगारांच्या सभांतून, वस्तीतल्या चर्चांमधून. तिकिटाला पैसे नसलेल्या माणसानं कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणाऱ्यांचं दुःख आपल्या दारात आणून ठेवलं. मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात मोठा प्रवास हाच.

आणि त्याच लेबर कॅम्पात सुरुवातीच्या काळात त्यांनी गाणं कशावर केलं, तर वस्तीतल्या डासांवर. मुलांना हे नक्की सांगा. डास आणि स्टालिनग्राड, दोन्ही विषय एकाच खोलीतल्या माणसाचे.

मग मागे जा. वाटेगावहून आई-वडील-भावंडांबरोबर मुंबईला पायी आले, साल १९३१-३२ च्या आसपासचं. तीनशे किलोमीटरच्या वर अंतर, अंगावर संसाराचं ओझं, वाटेत काम मिळेल तिथं मुक्काम करायचा, पोटाला मिळवायचं आणि पुढं निघायचं. तुमच्याकडच्या शेतमजूर बायकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ऊसतोडीला जाणारं कुटुंब आजही असंच निघतं, फरक इतकाच की ट्रॅक्टर असतो. म्हणून हा भाग थोडक्यात सांगा, त्या स्वतःच भरून घेतील.

आता कलापथकाचं. १९४४ ला अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णाभाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाचा साचा तोच घेतला, आतला माल बदलला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि शिवाजी महाराजांना वंदन आणलं, गवळण काढून टाकली, आणि वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजीचं इलेक्शन', नावांवरूनच कळतं कुणाची हजेरी घेतलीय. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना या कलापथकावर बंदी आली. तमाशा म्हणून करू देत नाहीत तर लोकनाट्य म्हणून करू, असं म्हणत ही मंडळी पुन्हा उभी राहिली. गावोगाव हिंडणं म्हणजे काय हे ज्यानं रात्री दोनला खेळ संपवून सकाळी पुढच्या गावाची वाट धरलीय त्यालाच कळेल. बैलगाडी नाहीतर एस.टी.चा टप, मुक्काम देवळात किंवा शाळेत, आणि मिळेल ती भाकरी.

एक व्यवहाराची गोष्ट. कार्यक्रम ऑगस्टात आहे, पावसाचे दिवस. खरं कातडं असलेला डफ आणणार असाल तर दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बद्द येतो. कार्यक्रमाच्या आधी शेगडीवर, जरा लांबूनच, फिरवत फिरवत शेकायचा आणि बोटानं टिचकी मारून बघायची. ठणठणीत वाजला की पुरे, जास्त शेकला तर कातडं फाटतं. मधे वाचन असेल तेव्हा पुन्हा एकदा शेकायला माणूस ठेवा. आणि डफासमोर माइक धरू नका, तो शाहिराच्या तोंडाशी ठेवा. झील धरणारे दोघं मागे अर्धं पाऊल उभे राहतील असं बघा. पोवाडा बसून म्हणायचा नसतो.

बाकी 'फकिरा' की कथा, यावर उद्या लिहितो. डोळे दुखतात.


वारणेची लेक

झीलकरी सरांचं वाचून छान वाटलं. मी त्याच भागातली, आता नवी मुंबईत असते. दोन गोष्टी सुचवते.

'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) घ्याच, पण ती नुसतं गाणं म्हणून म्हणू नका. बहुतेक ठिकाणी पहिली दोन कडवी होतात, बायको किती गुणाची, किती सुंदर, निघताना तिचा जीव कसा वरखाली झाला. लोक माना डोलवतात आणि गाणं आवरतं. खरी कमाल पुढे आहे. गावाकडच्या मैनेची आणि आपली ताटातूट झाली तशीच गत महाराष्ट्राची झालीय असं म्हणून तो शाहीर बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं घेतो. संयुक्त महाराष्ट्राचा लढा चालू होता. प्रेमाचं गाणं ऐकायला जमलेला माणूस उठताना राज्याच्या मागणीवर बोलत उठायचा. त्यामुळे शेवटपर्यंत म्हणा, मुली दमल्या तर मधली कडवी गाळा पण शेवट गाळू नका. विठ्ठल उमपांच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आहे, ते मुलींना आधी ऐकवा. ठेका कुठं तुटतो, श्वास कुठं घेतात, ते त्यातून कळेल.

दुसरं म्हणजे हे गाणं बाईकडूनही समजून घ्या. माझ्या आजीचा नवरा गिरणीत होता. आमच्या गल्लीत अशी निम्मी घरं. पुरुष मुंबईला, बाई गावाला, सासू-सासरे, म्हातारा बैल, दोन पोरं आणि महिन्याला मनिऑर्डर. ती आली नाही की वाण्याकडं उधारी. आजी सांगायची, मनिऑर्डरीच्या फॉर्मखालच्या चार बोटं जागेत आजोबांनी कुणाकडून तरी लिहून घेतलेला मजकूर असायचा आणि तो वाचून दाखवायला पोस्टमनला चहा पाजावा लागायचा. सगळ्या गल्लीसमोर मोठ्यानं वाचून घ्यायचं, त्यामुळे त्यात मनातलं काही नसायचंच. गाण्यात मैना बोलत नाही, तिच्याबद्दल तो बोलतो. तुमच्या वाचक गटातल्या एखाद्या ताईनं गाण्याआधी दोन मिनिटं आपल्या घरातल्या अशा बाईबद्दल सांगितलं तर ते गाणं वेगळंच पोचेल.

अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांत बायका मात्र बोलतात. 'वैजयंता' घ्या. तमाशात नाचणाऱ्या बाईची गोष्ट आहे, आणि तिच्याकडे बघायची नजर फडासमोर बसून पागोटं उडवणाऱ्याची नाही, फडात राहून तिचं जगणं जवळून बघितलेल्या माणसाची आहे. त्यावर १९६१ ला सिनेमाही आला. इज्जतीनं जगायची धडपड करणारी बाई हा त्यांचा आवडता विषय, आणि पन्नास-साठच्या दशकात तमासगीर बाईला कादंबरीची नायिका करून तिला मान देणं ही सोपी गोष्ट नव्हती.


धुळाक्षर

मी गिरणगावातला. चर्चा चांगली चाललीय, पण एक मुद्दा अजून कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

अण्णाभाऊ सांगताना लोक त्यांचे तुकडे करतात. एक जण फक्त लाल बावटा सांगतो, दुसरा फक्त जयंती आणि समाज सांगतो, तिसरा फक्त संयुक्त महाराष्ट्र. मला हे फार लागतं. मांग समाजात जन्मलेला, गावकुसाबाहेर वाढलेला हा माणूस कम्युनिस्ट पक्षात काम करतो. १६ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशी, 'ये आझादी झूठी है, देश की जनता भूखी है' म्हणत मुंबईत मोर्चा काढतो. १९५८ च्या मार्चमध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरतं, त्याचं उद्घाटन करतो आणि सांगतो की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलितांच्या, श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. पुढच्या वर्षी 'फकिरा' येते आणि ती अर्पण होते बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. 'जग बदल घालुनी घाव' हे बाबासाहेबांवरचं गाणंही त्यांचंच. वर्ग आणि जात हे दोन्ही त्यांनी अंगावर झेललं होतं, त्यामुळे एकाची निवड करून दुसरं सोडायचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. कार्यक्रमात कुणाला वाईट वाटेल म्हणून यातलं काही गाळू नका, एवढी विनंती.

आणि रशियाबद्दल. झीलकरी सर, तुम्ही पोवाडे आधी फिरले म्हणता ते मला पटलं. पण म्हणून खुद्द प्रवास बाजूला टाकू नये. १९६१ ला ते भारत-सोव्हिएत सांस्कृतिक संस्थेतर्फे गेले. चिरागनगरच्या झोपडीत राहणारा माणूस विमानात बसून मॉस्कोला जातो, आणि परत येऊन त्यावर 'माझा रशियाचा प्रवास' लिहितो. त्या काळात परदेशावर लिहिणारे बहुतेक मराठी लेखक कुठल्या घरांतले होते ते आठवा. इथं एक कामगार दुसऱ्या देशातले रस्ते, कारखाने, पोरंबाळं बघतोय आणि मनात सारखं इथल्या वस्तीशी ताडून बघतोय. आज सोव्हिएत युनियन राहिलेलं नाही, तिथल्या अत्याचारांबद्दल आपल्याला पुष्कळ माहीत झालंय, आणि ते पुस्तक वाचताना मलाही काही ठिकाणी थांबायला होतं. तरी त्या माणसानं तिथं काय शोधलं हे महत्त्वाचं आहे. ज्याला स्वतःच्या गावात पाणवठ्याला हात लावायची बंदी होती, त्याला तिथं कुणी जात विचारली नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या सरकारी ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, हेही सांगा. पण पुतळ्यावर संपवू नका. ते १८ जुलै १९६९ ला गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये गेले, वय एकोणपन्नासही पूर्ण नव्हतं. पस्तीसेक कादंबऱ्या, कथांचे संग्रह, वगनाट्यं, पोवाडे आणि शेवटपर्यंत पैशाची चणचण. लागलीच २९ ऑगस्टला अमर शेखही अपघातात गेले. माझे आजोबा कामगार मैदानावर शेखांना ऐकलेले. ते म्हणायचे, दीड महिन्यात दोन्ही आवाज गेले आणि गिरणगाव मुकं झालं. आजोबा फार बोलणारे नव्हते, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा पुन्हा ऐकलंय.

जमलं तर 'मुंबईची लावणी'तलं थोडं घ्या. मलबार हिलची इंद्रपुरी आणि परळातले रातदिवस राबणारे, दोन्ही एकाच लावणीत. गावाकडच्या मुलांना मुंबई म्हणजे फक्त समुद्र आणि सिनेमा वाटतो.


ओवी

सगळ्यांचे आभार. सुरुवात १९४३ पासून करायची हे पक्कं केलं. मैनेच्या आधी आमच्यातल्या एक काकू बोलणार आहेत, त्यांचे यजमान तीस वर्षं गिरणीत होते. त्यांना विचारलं तर आधी नाही म्हणाल्या, मग रात्री फोन करून म्हणाल्या की मी बोलते, पण कागद न घेता.

धुळाक्षर, काही गाळणार नाही. समितीतल्या एका ज्येष्ठांनी मोर्चाच्या घोषणेवर नापसंती दाखवली. मी त्यांना म्हटलं, टिळकांच्या पुण्यतिथीला आपण त्यांचे जहाल अग्रलेख वाचतो की. ते ऐकून घेतलं त्यांनी.

आता वाचनाचं सांगा. एक मैत्रीण 'स्मशानातील सोनं' म्हणतेय, पण समोर पाचवी-सहावीची मुलं असतील. प्रेतं उकरण्याची गोष्ट मुलांपुढे कशी वाचायची?


झीलकरी

ताई, उशीर झाला. आता नीट लिहितो.

'फकिरा'तलं वाचायचं तर जोगणीचा भाग घ्या. फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी, म्हणजे तिथल्या जत्रेचा मान, घेऊन येतो आणि तिच्यापायी जीव देतो, तो. कादंबरीची मुळं तिथं आहेत. पुढे फकिरा इंग्रजांचा खजिना लुटतो, दुष्काळात माणसं जगवतो, त्या सगळ्याला हा बाप मागे उभा आहे. पण त्याला संदर्भ सांगावा लागतो: जोगणी म्हणजे काय, जत्रेचा मान कुणाकडे, सीमेवर मारामारी का. वीसेक मिनिटं त्यातच जातील. एका तासात तुम्हाला ते परवडणार नाही. 'फकिरा' हवी तर पुढच्या महिन्यात वाचक गटात क्रमशः वाचा, ती तशीच वाचायची कादंबरी आहे.

म्हणून मी कथेच्या बाजूनं आहे. 'स्मशानातील सोनं' मी पाचवीच्या वर्गापुढे वाचलेली आहे, एकदाच नव्हे. मुलं घाबरत नाहीत, चिडीचूप होतात.

कसं वाचायचं ते सांगतो. भीमा वारणेकाठचा, दांडगा गडी, मुंबईला येऊन खाणीत दगड फोडायला लागतो. खाण बंद पडते. पोटाला काही नाही, घरात लहान पोर. योगायोगानं त्याला मसणवट्यातल्या राखेत सोनं सापडतं आणि तिथून तो राख चाळायला लागतो, मग प्रेतं उकरायला लागतो. एवढं तुम्ही तोंडी सांगा, पाच मिनिटांत. पुस्तक हातात घ्या ते त्या रात्री, जेव्हा तो एका नव्या मढ्यासाठी जातो आणि तिथं कोल्ही आधीच पोचलेली असतात. तिथून वाचा. प्रेतावरून माणूस आणि कोल्ह्यांची झुंज लागते. दोघंही भुकेपायी आलेत. मुलांना प्रेताचं भय वाटत नाही, भीमा जिंकतो की नाही याचीच काळजी लागते. वाचताना वाक्यं छोटी आहेत, ती छोटीच ठेवा. अभिनय करू नका, आवाज चढवू नका. अण्णाभाऊंची वाक्यं बोलणाऱ्या माणसाची आहेत, ती आपल्या चालीनं चालतात.

प्रेताच्या जबड्यात बोटं अडकतात तो परिच्छेद लहान मुलं असतील तर वगळा आणि 'भीमाची दोन बोटं गेली' एवढं सांगून पुढं चला. शेवट मात्र शब्दाशब्दानं वाचायचा. बोटं तुटल्यावर त्याला कळतं की खाण पुन्हा सुरू झालीय. डोंगर फोडणारा हात सोन्यापायी गेला आणि ज्या कामासाठी हात लागणार ते काम दारात आलं. तो गडी लहान पोरागत रडतो. माझ्या वर्गात एका मुलानं विचारलं होतं, 'गुरुजी, खाण आठ दिवस आधी का नाही सुरू केली?' मला वाटतं अण्णाभाऊंना हाच प्रश्न विचारायचा होता. दोष भीमाच्या हावेत नाही, खाण कधी चालवायची आणि कधी बंद करायची हे ज्यांच्या हाती आहे त्यांच्यात आहे. पण हे तुम्ही बोलून दाखवू नका, मुलं विचारतील. विचारली तर बोला.

संवाद वाचायला तुमच्या गटातली अशी बाई निवडा जिची घरची बोली तीच आहे. शहरी उच्चारात भीमा ओळखू येत नाही. पुस्तक मिळत नसेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं काढलेलं अण्णाभाऊंचं निवडक वाङ्मय जिल्हा ग्रंथालयात बघा. जाडजूड ग्रंथ आहे.

धुळाक्षर म्हणतात ते रशियाबद्दल मान्य. मीही त्याला वेळ द्यावा म्हणतो, फक्त जागा बदला. स्टालिनग्राडच्या पोवाड्याला लागूनच घ्या: ज्या देशावर १९४३ ला गायले त्या देशात १९६१ ला गेले. मधली अठरा वर्षं श्रोत्यांना आपोआप दिसतील. 'माझा रशियाचा प्रवास' छोटंसं पुस्तक आहे, त्यातली दोन पानं वाचायला एखादी कॉलेजची मुलगी बसवा. त्याच वर्षी 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तेही तिथंच सांगून टाका म्हणजे पुरस्कारांची वेगळी यादी लागणार नाही.


वारणेची लेक

ओवीताई, काकूंना कागद देऊच नका. आणि त्यांना माइकचीही सवय नसेल तर खुर्ची पुढे ओढून श्रोत्यांजवळ बसवा.

एक शंका आहे सर, पोवाड्याला मुलींनी डफ धरला तर चालेल ना? आमच्याकडे अजून काही जण नाक मुरडतात.


झीलकरी

चालेल काय, धरावाच. मुलीच्या हाताला मोठा डफ जड जातो, म्हणून लहान घेराचा घ्या. डावा अंगठा कडेत अडकवायचा आणि कड छातीशी टेकवायची, म्हणजे मनगट भरून येत नाही. झील धरायला वाचक गटातल्या बाकीच्या तिघी उभ्या करा. 'जी जी जी' म्हणताना आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा आणि शाहिराचा शेवटचा शब्द पडायच्या आत उचलायचा. तालमीला ढोलकीवाल्या काकांना पहिल्या दिवसापासून बसवा. ढोलकीची सवय लावणीची असते, पोवाड्याला हात आवरता घ्यावा लागतो, आणि ते ऐनवेळी जमत नाही.